हाइड पार्कमध्ये घर घेताना: शिकागोच्या सरोवराकाठच्या विद्यापीठ-वस्तीत नव्याने येणाऱ्यांसाठी

हाइड पार्कमध्ये फ्लॅट पाहायला गेलेला माणूस बहुधा सरळ खिडकीपाशी जाऊन उभा राहतो. समोर मिशिगन सरोवर, खाली झाडं, आत ओकची जमीन आणि उंच छत. खरं तर त्या वेळी तीन गोष्टी पाहायला हव्यात: तळघरातला बॉयलर, इमारतीची मागची भिंत आणि सोसायटीच्या खात्यातली शिल्लक. इथल्या बहुतेक इमारती शंभरीच्या आसपास किंवा पलीकडे आहेत. अशा ठिकाणी फ्लॅट छान आणि इमारत खंगलेली असेल, तर दोन-तीन वर्षांत खिशाला मोठी चाट बसते. त्यामुळे या लेखात स्वयंपाकघराच्या ओट्यापेक्षा विटा, वाफ आणि कागद यांबद्दल जास्त लिहिलं आहे.

आधी वस्ती समजून घ्या

उत्तरेला ५१वा रस्ता म्हणजे हाइड पार्क बुलेव्हार्ड, दक्षिणेला मिडवे प्लेझन्सची हिरवी पट्टी, पश्चिमेला कॉटेज ग्रोव्ह अव्हेन्यू आणि वॉशिंग्टन पार्क, पूर्वेला सरोवर. उत्तरेकडचं केनवुड आणि मिडवेपलीकडचं वुडलॉन हे शेजारी. जाहिरातींत या तिघांच्या सीमा सोयीप्रमाणे सरकतात, म्हणून पत्ता नकाशावर स्वतः टाकून बघा.

पॉल कॉर्नेल नावाच्या वकिलाने १८५३ मध्ये इथे जमीन घेतली आणि इलिनॉय सेंट्रल रेल्वेचं स्थानक आणून उपनगर वसवलं. १८८९ मध्ये ते शिकागो शहरात आलं. १८९० मध्ये शिकागो विद्यापीठाची स्थापना झाली, १८९२ मध्ये वर्ग सुरू झाले आणि १८९३ मध्ये जॅक्सन पार्क व मिडवेवर जागतिक प्रदर्शन भरलं. त्या सुमारास बांधकामाची लाट आली. दुसरी लाट १९२०च्या दशकातली, तेव्हा रेल्वेरुळांच्या पूर्वेला सरोवराकडे उंच अपार्टमेंट-हॉटेलं उभी राहिली. १९५०-६०च्या दशकांत ‘अर्बन रिन्यूअल’खाली (जुन्या वस्त्या पाडून नव्या बांधण्याची सरकारी मोहीम) ५५व्या रस्त्याच्या आसपासचं बरंच पाडलं गेलं आणि त्या जागी सपाट, आधुनिक टाउनहाउस आणि आय. एम. पे यांचे रस्त्याच्या मधोमध उभे असलेले दोन टॉवर आले.

या इतिहासाचा घर घेणाऱ्याला थेट उपयोग आहे. १८९०च्या करड्या चुनखडीच्या घराचे, म्हणजे ग्रेस्टोनचे, दुखणे वेगळे. १९२०च्या उंच इमारतीचे वेगळे. १९६०च्या काँक्रीटचे वेगळे. बांधकामाचं साल कळलं की तपासनिसाला काय विचारायचं हे अर्धं ठरतं.

वर्षभर भाड्याने राहा

नोकरी पक्की असली तरी पहिलं वर्ष भाड्याने काढा. विद्यापीठात क्वार्टर पद्धत आहे आणि शरद सत्र सप्टेंबरअखेर सुरू होतं, त्यामुळे भाड्याच्या घरांची मोठी उलथापालथ जून ते सप्टेंबरमध्ये होते. जूनमध्ये सबलेट (भाडेकरूने पुढे भाड्याने दिलेली घरं) स्वस्त मिळतात. ऑगस्टअखेर शोधायला लागलात तर उरलेलं घ्यावं लागतं.

भाडेकराराआधी विचारा: हीटिंग भाड्यात धरलं आहे का? वाफेच्या रेडिएटरच्या इमारतींत ते बहुधा धरलेलं असतं. शहराच्या नियमाप्रमाणे जिथे घरमालक उष्णता पुरवतो तिथे १५ सप्टेंबर ते १ जून या काळात सकाळी साडेआठ ते रात्री साडेदहा किमान ६८ अंश फॅरनहाइट आणि रात्री ६६ अंश तापमान राखणं त्याच्यावर बंधनकारक आहे. तक्रार शहराच्या ३११ या क्रमांकावर करायची. अनामत रकमेबाबत शहराचा घरमालक-भाडेकरू अध्यादेश इतका कडक आहे (वेगळं व्याजी खातं, पावत्या, चुकल्यास दुप्पट भरपाई) की बरेच मालक अनामत घेतच नाहीत. त्याऐवजी परत न मिळणारी ‘मूव्ह-इन फी’ घेतात. ही फी परत मिळेल असं गृहीत धरून हिशेब करू नका. मालक स्वतः राहत असलेल्या सहा किंवा कमी घरांच्या इमारतीला हा अध्यादेश लागू नाही.

या वर्षात एक हिवाळा पूर्ण अनुभवा. जानेवारीत सरोवराकाठून वारा कसा येतो, रात्री नऊला स्थानकापासून घरापर्यंत चालणं तुम्हाला जमतं का, गाडी लावायला किती फेऱ्या माराव्या लागतात, हे कुठल्याही वेबसाइटवर कळत नाही.

कॉन्डो आणि को-ऑप

हाइड पार्कमध्ये को-ऑप पुष्कळ आहेत आणि नवख्याची पहिली फसगत इथेच होते. यादीत दोन बेडरूमचा फ्लॅट आजूबाजूच्या निम्म्या किमतीत दिसतो आणि लॉटरी लागल्यासारखं वाटतं. कॉन्डोत तुम्ही फ्लॅटचे मालक असता. को-ऑपमध्ये संपूर्ण इमारत एका संस्थेची असते; तुम्ही तिचे शेअर घेता आणि त्याबरोबर फ्लॅट वापरण्याचा हक्क मिळतो. मुंबई-पुण्याच्या गृहनिर्माण सोसायटीत वाढलेल्यांना हे ओळखीचं वाटेल, पण तिथल्यापेक्षा इथे संस्थेचं नियंत्रण बरंच घट्ट आहे.

को-ऑपच्या मासिक मेंटेनन्समध्ये बहुधा मालमत्ता कर, कधी इमारतीच्या कर्जाचा हप्ताही असतो. म्हणून किंमत बाजूला ठेवा आणि महिन्याचा एकूण खर्च काढा. समजा, को-ऑप १,२०,००० डॉलरला आहे आणि मेंटेनन्स करासकट १,३०० डॉलर आहे. शेजारचा कॉन्डो २,००,००० डॉलरला, मेंटेनन्स ७०० आणि कर महिना ३००. दोन्हीकडे २० टक्के रोख, बाकी ३० वर्षांचं साडेसहा टक्क्यांचं कर्ज धरलं, तर को-ऑपचा हप्ता सुमारे ६०७ डॉलर, एकूण १,९०७. कॉन्डोचा हप्ता सुमारे १,०११, एकूण २,०११. किमतीत ८०,००० चा फरक, महिन्याच्या खर्चात जेमतेम शंभराचा. शिवाय को-ऑपच्या शेअर-कर्जाला मोजक्याच बँका तयार होतात, दर जास्त असू शकतो, काही संस्था रोखीचाच आग्रह धरतात.

दुसरी मेख भाड्याने देण्याची. बऱ्याच को-ऑप आणि काही कॉन्डो भाड्याने देऊ देत नाहीत किंवा मर्यादा घालतात. एच-१बीवर असाल, टेन्युअर (विद्यापीठातली कायम नेमणूक) अजून व्हायचं असेल, दोन वर्षांची फेलोशिप असेल, तर ही अट सगळ्यात आधी वाचा. गाव सोडावं लागलं आणि घर विकलं जात नसेल, तर भाड्याने देण्याची वाट बंद असणं फार महागात पडतं. जिथे मुक्काम पाच वर्षांहून कमी असण्याची दाट शक्यता आहे, तिथे आमचा सल्ला स्पष्ट आहे: को-ऑप घेऊ नका. कायमचं राहायचं असेल आणि संस्थेचे हिशेब चोख असतील, तर तीच को-ऑप उत्तम सौदा ठरते. तिथले शेजारी वर्षानुवर्षं टिकतात आणि इमारतीची काळजी घेतात.

पैशाची जुळवाजुळव

घर बघायला जाण्याआधी बँकेकडून प्री-अप्रूव्हल, म्हणजे किती कर्ज मिळेल याचं पत्र, घ्या. बँकेला हाइड पार्कमधल्या जुन्या कॉन्डोंना कर्ज दिल्याचा अनुभव आहे का, हे विचारा. ती तुमच्याइतकीच सोसायटीचीही परीक्षा घेते: बजेटच्या निदान १० टक्के रक्कम रिझर्व्ह फंडात (मोठ्या दुरुस्त्यांसाठीच्या राखीव निधीत) जाते का, १५ टक्क्यांहून जास्त घरांची थकबाकी आहे का, एखादा मोठा दावा चालू आहे का. तुमची पत उत्तम असून इमारत नापास झाल्याने कर्ज फिसकटतं, ते यामुळे.

वर्क व्हिसावर नेहमीचं, म्हणजे कन्व्हेन्शनल, कर्ज मिळतं. मात्र मे २०२५ पासून एफएचए, म्हणजे सरकारी विम्याचं, कर्ज कायमचे रहिवासी नसलेल्यांना बंद झालं आहे. जुन्या सल्ल्यांवर विसंबू नका. २० टक्क्यांपेक्षा कमी रोख भरलीत तर मॉर्गेज इन्शुरन्स (कर्ज बुडाल्यास बँकेला भरपाई देणारा विमा) लागतो. विद्यापीठ किंवा त्याच्या इस्पितळात नोकरी असेल तर आसपासच्या वस्त्यांत घर घेणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी मदतीची योजना चालू आहे का, हे मनुष्यबळ विभागाला करार करण्याआधी विचारा. अशा योजना बहुधा क्लोजिंगनंतर, म्हणजे व्यवहार पूर्ण होऊन घर नावावर झाल्यावर, लागू करता येत नाहीत.

भारतातून आई-वडील रक्कम पाठवणार असतील तर दोन-तीन महिने आधी सुरुवात करा. उदारीकृत प्रेषण योजनेत निवासी भारतीयाला आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, आणि अशा कारणासाठी १० लाख रुपयांवरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (बँकेने आगाऊ गोळा केलेला आयकर) कापला जातो. तो आयकर विवरणात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. स्वतःच्या एनआरओ खात्यातून (अनिवासी भारतीयाचं भारतातलं रुपयांचं खातं) वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत नेता येतात, त्याला सीएचं प्रमाणपत्र लागतं. अमेरिकेत बँक ‘गिफ्ट लेटर’ मागेल. परदेशातील व्यक्तींकडून वर्षात १,००,००० डॉलरहून अधिक भेट मिळाली तर आयआरएसला, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याला, फॉर्म ३५२० भरून कळवावं लागतं. त्यावर कर नसतो, पण न कळवल्यास दंड मोठा असतो.

एजंट घेताना एक नवा नियम: ऑगस्ट २०२४ पासून घर दाखवण्याआधी खरेदीदाराच्या एजंटशी लेखी करार करावा लागतो, आणि त्यात कमिशन लिहिलेलं असतं. ते ठरीव नाही, बोलून कमी होतं. मुदत आणि हद्दही वाचा. सहा महिन्यांचा करार पहिल्याच भेटीत करण्याची गरज नसते.

इमारत तपासणं

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. पहिल्या भेटीत फ्लॅट पाहून झाला की मागच्या गल्लीत जा.

शिकागोच्या जुन्या इमारतींना समोरून चांगली फेस ब्रिक किंवा चुनखडी असते. बाजूंना आणि मागे मऊ, स्वस्त ‘कॉमन ब्रिक’. या मऊ विटांचे सांधे मुळात चुन्याच्या गाऱ्याने भरलेले. नंतर कोणी टकपॉइंटिंग, म्हणजे सांधे नव्याने भरण्याचं काम, करताना तिथे कडक सिमेंट भरलं की विटेत शिरलेल्या ओलीला सांध्यातून बाहेर पडता येत नाही. ती विटेत साठते, हिवाळ्यात गोठून फुगते आणि विटेचा दर्शनी थर पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणजे सांधा शाबूत आणि वीट खड्ड्यासारखी आत गेलेली दिसली, तर चुकीच्या मालाने दुरुस्ती झाली आहे हे ओळखा. पांढरे क्षाराचे डाग म्हणजे भिंतीतून पाणी वाहतं आहे.

मग खिडक्यांच्या वर बघा. तिथे विटांचा भार पेलणारी लोखंडी पट्टी, लिंटल, असते. ती गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि वरच्या विटा उचलतो. खिडकीच्या कोपऱ्यातून जिन्याच्या पायऱ्यांसारखी वर चढत जाणारी भेग ही त्याची खूण. एक लिंटल बदलणं फार नाही. पण एका बाजूच्या सगळ्याच खिडक्यांवर ती भेग असेल तर सोसायटीचं मोठं बिल येऊ घातलं आहे. छताच्या वर आलेला कठडा, पॅरापेट, तीन बाजूंनी उघडा असल्याने सर्वात आधी कुजतो. तो कललेला आहे का ते रस्त्यापलीकडून पाहा. ८० फुटांहून उंच इमारतींना बाहेरच्या भिंतींची ठरावीक मुदतीने तपासणी शहराने सक्तीची केली आहे. त्याचा ताजा अहवाल मागा. १९२०च्या टेराकोटा-नक्षीच्या टॉवरांत याच अहवालातून लाखो डॉलरची कामं निघतात.

मागचे लाकडी पोर्च आणि जिने हे शिकागोचं वैशिष्ट्य, आणि धोकाही. २००३ मध्ये लिंकन पार्कमध्ये असा पोर्च कोसळून १३ जण दगावले, त्यानंतर शहर कडक झालं. खांब जाड आहेत का, तुळया भिंतीला बोल्टने जोडल्या आहेत की नुसत्या खिळ्यांनी, खांबांचे बुंधे मातीत कुजताहेत का, हे पाहा. पोर्च बदलायचा असला तर परवाना आणि नकाशे लागतात. हा खर्च छोट्या सहा-फ्लॅटी इमारतीत सहा जणांतच वाटला जातो.

आत आलात की रेडिएटर. एकाच पाइपचा रेडिएटर असेल तर ती वन-पाइप स्टीम पद्धत: त्याच पाइपातून वाफ वर येते आणि थंड होऊन झालेलं पाणी खाली परत जातं. म्हणून खालची व्हॉल्व्ह पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद ठेवायची. अर्धी ठेवली की वाफ आणि पाणी एकमेकांच्या वाटेत येतात आणि हातोड्याने ठोकल्यासारखा धाडधाड आवाज होतो. दुसऱ्या टोकाला मधल्या उंचीवर एक लहान चकाकती डबी असते, तो एअर व्हेंट. वाफ येण्याआधी हवा त्यातून बाहेर पडते. हलकी फुस्स चालते, सतत वाफ किंवा पाणी उडत असेल तर व्हेंट गेला. तो काही डॉलरांत मिळतो आणि हाताने बसतो. रेडिएटर व्हॉल्व्हच्या बाजूला किंचित उतरता असावा लागतो; वर स्पिरिट लेव्हल ठेवून बघा, उतार उलटा असेल तर लांबच्या पायांखाली लाकडी पट्टी सरकवली की बहुतेक वेळा आवाज थांबतो.

ही झाली फ्लॅटमधली गोष्ट. इमारतीसाठी विचारा: बॉयलर कोणत्या साली बसवला, थर्मोस्टॅट एकाच फ्लॅटमध्ये आहे की तापमान मोजणारे सेन्सर अनेक ठिकाणी आहेत, मागच्या हिवाळ्यात गॅसचं बिल किती आलं. जानेवारीत तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या उघड्या आणि पहिल्या मजल्यावर लोक स्वेटर घालून बसलेले दिसले, तर व्यवस्थेचा तोल गेला आहे आणि तो गॅस सगळ्यांच्या मेंटेनन्समधून जळतो आहे. हिवाळ्यात घर पाहण्याचा फायदा हाच. खरेदीचा हंगाम मार्च ते जून. पण खरी इमारत जानेवारीत दिसते आणि तेव्हा गर्दीही कमी असते.

पाण्याबाबत: १९८६ पर्यंत शिकागोच्या नियमानुसारच घरापर्यंतची लहान जोडणी शिशाची असे. स्वतंत्र घर, टू-फ्लॅट (एकावर एक दोन घरांची इमारत), छोटी इमारत असेल तर शिशाचा पाइप असणारच असं धरून चला. मोठ्या इमारतींना जाड पाइप लागतो, तो बहुधा शिशाचा नसतो. पण आतले जुने जोड आणि नळ वेगळा प्रश्न. ३११ वर मोफत चाचणीचा संच मागवता येतो. तोवर शिशासाठी प्रमाणित, म्हणजे एनएसएफ ५३ खूण असलेला फिल्टर वापरा. पाणी उकळून शिसं जात नाही, उलट त्याचं प्रमाण वाढतं. गॅल्व्हनाइज्ड पाइप असतील तर दाब तपासायला शॉवर, बेसिन आणि स्वयंपाकघराचा नळ एकदम सोडून बघा.

१९७८ पूर्वीच्या घराला शिशाच्या रंगाची माहिती देणं विक्रेत्याला बंधनकारक आहे. लहान मूल असेल तर खिडक्यांच्या चौकटी पाहा: जिथे लाकूड लाकडावर घासतं तिथेच रंगाची भुकटी होते.

विजेच्या पॅनेलची क्षमता पाहा. ६० अँपिअरच्या जुन्या जोडणीवर दोन विंडो एसी, इंडक्शन शेगडी आणि ड्रायर चालत नाहीत. बऱ्याच इमारती फ्लॅटमध्ये वॉशिंग मशीनच लावू देत नाहीत, कारण सांडपाण्याचा जुना उभा पाइप फेस आणि पाणी पेलत नाही. तळघरातली सामाईक मशीन वापरावी लागते. आणि मराठी स्वयंपाकघराचा प्रश्न: शेगडीवरचा हूड बाहेर हवा टाकतो की फक्त गाळून परत आत सोडतो? जुन्या इमारतींत दुसराच प्रकार जास्त. रोजच्या फोडणीचा वास त्याने जात नाही आणि भिंत फोडून नळी काढायला सोसायटीची परवानगी सहसा मिळत नाही.

स्वतंत्र घर किंवा तळमजला घेत असाल तर सांडपाण्याच्या पाइपात कॅमेरा घालून तपासणी करून घ्याच. जुने पाइप मातीच्या नळ्यांचे, झाडांची मुळं त्यांच्या सांध्यांतून शिरतात. शहरात पावसाचं आणि मैल्याचं पाणी एकाच गटारातून जातं. जोरदार पाऊस झाला की तळघराच्या जाळीतून ते उलटं वर येतं. हे पाणी उलटं येऊ न देणारी बॅकफ्लो व्हॉल्व्ह आहे का, ते विचारा.

कागद

इलिनॉयच्या कॉन्डो कायद्याच्या कलम २२.१ नुसार विक्रेत्याने सोसायटीची माहिती द्यावी लागते: डिक्लरेशन (सोसायटीचा मूळ दस्त), उपविधी, रिझर्व्हची रक्कम, मंजूर झालेले मोठे खर्च, चालू दावे, विमा. वकील या कागदांना नुसतं ‘ट्वेंटी-टू-वन’ म्हणतात. ते मिळाले की पुरेसं झालं असं समजू नका. मागच्या दोन वर्षांच्या सभांची इतिवृत्तं मागा आणि ओळ न ओळ वाचा. बॉयलर, छप्पर, लिंटल, पोर्च, गळती, ‘इंजिनिअरचा अहवाल’ हे शब्द कुठे येतात ते पाहा. मतदान अजून झालं नसेल तर स्पेशल असेसमेंट (मोठ्या कामासाठी सगळ्यांकडून घेतली जाणारी जादा वर्गणी) औपचारिक उत्तरात येत नाही. इतिवृत्तात मात्र त्याची चर्चा आधीपासून चाललेली असते.

मेंटेनन्स पाच वर्षं वाढलेलाच नाही, असं विक्रेता कौतुकाने सांगत असेल तर सावध व्हा. शंभर वर्षांच्या इमारतीचा खर्च दरवर्षी वाढतो. मेंटेनन्स वाढत नसेल तर कुठलं तरी काम पुढे ढकललं जातं आहे.

पार्किंगची जागा सोबत असेल तर ती तुमच्या नावावर स्वतंत्र पिन क्रमांकाने (काउंटीचा मालमत्ता क्रमांक) येते, सोसायटीने वापरायला दिलेली आहे, की महिन्याच्या भाड्याची आहे, हे लेखी घ्या. तिन्हींच्या किमतीत मोठा फरक आहे.

करारापासून चावीपर्यंत

शिकागोत घर घेताना वकील लावण्याची पद्धत आहे, आणि ती पाळाच. फी बहुधा एकरकमी ठरते. ऑफर मान्य झाली की नेहमीच्या करारात पाच कामकाजी दिवस वकिलाच्या तपासणीचे आणि तेवढेच घराच्या तपासणीचे असतात. म्हणून तपासनीस ऑफर देण्याआधीच शोधून ठेवा. मान्यता मिळाल्यावर शोधायला लागलात तर आठवडा त्यातच जातो. तपासनिसाला फ्लॅटसोबत तळघर, छप्पर आणि मागचा पोर्चही पाहायला सांगा; काही जण कॉन्डो म्हटलं की चार भिंतींच्या बाहेर जात नाहीत.

त्यानंतर कर्जाची आणि मूल्यांकनाची मुदत चालते. पुष्कळ सोसायट्यांना विकायला निघालेलं घर तुमच्याआधी स्वतः घेण्याचा हक्क असतो. तो सोडल्याचं पत्र आणि मेंटेनन्स भरल्याचं पत्र क्लोजिंगला लागतं. को-ऑपमध्ये मंडळाची मुलाखत असते, त्यात आठवडे जातात.

शहराचा हस्तांतरण कर खरेदीदाराला दर हजारी ७.५० डॉलर पडतो: ४,००,००० च्या घराला ३,००० डॉलर. बाहेरून आलेल्यांच्या हिशेबात हा हमखास सुटतो. ५०,००० डॉलर किंवा त्याहून मोठी रक्कम टायटल कंपनीकडे (मालकीहक्क तपासून व्यवहार पार पाडणारी कंपनी) वायरनेच, म्हणजे बँकेतून थेट, जाते. वायरचे तपशील ईमेलने बदलून आले, तर ते खोटे आहेत असं समजून आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करा. इथे गेलेला पैसा सहसा परत येत नाही.

शेवटच्या पाहणीत प्रत्येक नळ, फ्लश, शेगडीचे बर्नर, खिडक्यांच्या दोऱ्या आणि हंगाम असेल तर रेडिएटर चालवून बघा.

मालमत्ता कर

शिकागो ज्या जिल्ह्यात येतं त्या कुक काउंटीत कर वर्षभर मागून भरला जातो: या वर्षीची बिलं मागच्या वर्षाची. पहिला हप्ता मार्चच्या सुमारास, आधीच्या वर्षाच्या एकूण कराच्या ५५ टक्के. दुसरा हप्ता नियमाने ऑगस्टचा, पण अलीकडच्या काही वर्षांत तो डिसेंबरपर्यंत लांबला आहे. विक्रेता राहिलेल्या काळाचा कर तुम्हाला क्लोजिंगला वळता करून देतो, बहुधा शेवटच्या बिलाच्या १०० टक्क्यांहून थोडा जास्त. ही रक्कम खर्च करू नका. बिल तुमच्याच नावे येणार आहे.

जाहिरातीतला कराचा आकडा जसाच्या तसा घेऊ नका. विक्रेता वयस्कर असेल तर त्याला ज्येष्ठ नागरिकाच्या सवलती असतात. त्या तुमच्याबरोबर येत नाहीत. पिन टाकून काउंटीच्या संकेतस्थळावर कोणत्या सवलती लागू आहेत ते पाहा आणि त्या नसत्या तर किती कर आला असता, त्यावरून तुमचा कर काढा. स्वतः राहत असाल तर घरमालकाची सवलत मिळते: करपात्र मूल्यातून १०,००० कमी होतात, म्हणजे वर्षाला साधारण सहा-सातशे डॉलर. शिकागोचं फेरमूल्यांकन दर तीन वर्षांनी होतं. २०२४ मध्ये झालं, पुढचं २०२७ मध्ये. वाढ अवाजवी वाटली तर आधी असेसरकडे (मूल्य ठरवणारा काउंटीचा अधिकारी), मग बोर्ड ऑफ रिव्ह्यूकडे अपील करता येतं. कॉन्डोत सोसायटी सगळ्यांचं मिळून करते.

ऐतिहासिक दर्जा

‘नॅशनल रजिस्टर’मध्ये (ऐतिहासिक वास्तूंची देशपातळीवरची यादी) नाव असणं आणि शहराचं ‘लँडमार्क’ असणं यात फरक आहे. केवळ रजिस्टरमध्ये असलेल्या खासगी घराच्या मालकावर त्यामुळे बंधनं येत नाहीत. शहराच्या लँडमार्क हद्दीत मात्र बाहेरून दिसणाऱ्या बदलाचा परवाना लँडमार्क्स आयोगाकडून तपासला जातो. फ्रँक लॉइड राइट यांचं रोबी हाउस (१९१०) ज्या वुडलॉन अव्हेन्यूवर आहे, त्याच वस्तीत प्लास्टिकच्या खिडक्या लावायचा बेत करण्याआधी दर्जा तपासा. पात्र ऐतिहासिक घरात स्वतः राहून बाजारमूल्याच्या किमान २५ टक्के खर्चाची मान्यताप्राप्त दुरुस्ती केली, तर राज्याची योजना मूल्यांकन आठ वर्षं गोठवते आणि पुढच्या चार वर्षांत ते टप्प्याटप्प्याने वर नेते. अर्ज काम सुरू करण्याआधी करा.

जुन्या दस्तात कृष्णवर्णीयांना घर विकू नये अशी अट दिसली तर दचकायला होईल. या भागात अशा अटी सर्रास होत्या. १९४८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्या अमलात आणता येत नाहीत, आणि वकिलामार्फत त्या नोंदीतून काढूनही घेता येतात. काढून घ्या.

सरोवराकाठचं रोजचं

मेट्रा इलेक्ट्रिकची ५१-५३वा, ५५-५६-५७वा आणि ५९वा रस्ता ही स्थानकं. मध्य शहरात मिलेनियम स्टेशनला साधारण पाव तासात पोहोचता. सहा नंबरची एक्सप्रेस बस सरोवराकाठच्या रस्त्याने जाते. सरोवराकाठची जमीन सार्वजनिक आहे. १९३७ मध्ये पूर्ण झालेला प्रोमंटरी पॉइंट आणि ५७व्या रस्त्याचा किनारा तुमच्या दारातच आहेत. वसंतात सरोवराजवळ आतल्या शहरापेक्षा बरीच थंडी असते, म्हणून पूर्वेकडच्या फ्लॅटचं हीटिंग मे महिन्यातही लागतं. पूर्वेच्या खिडक्यांवर वाऱ्याचा पाऊस आपटतो: खालच्या चौकटीवर डाग, फुगलेलं प्लास्टर आहे का ते हाताने चाचपा.

१ डिसेंबर ते १ एप्रिल मुख्य रस्त्यांवर पहाटे तीन ते सात गाडी लावायला बंदी आहे, बर्फ असो वा नसो. गाडी ओढून नेली की दंड आणि ओढाईचा खर्च दोन्ही.

भारतीय वाणसामान उत्तरेला डेव्हन अव्हेन्यूवर, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. मराठी मंडळी आणि गणपतीचे कार्यक्रम बहुधा नेपरव्हिल-शॉमबर्गच्या बाजूच्या उपनगरांत, गाडीशिवाय अवघड. उलट मराठी पुस्तकं चालत जाऊन मिळतात: विद्यापीठाच्या रेगेनस्टाइन ग्रंथालयाचा दक्षिण आशिया संग्रह अमेरिकेतल्या मोठ्या संग्रहांपैकी एक आहे.

चावी मिळाल्यावर

सामान आणायच्या दिवसासाठी मालाची लिफ्ट आधी नोंदवा, बहुतेक इमारतींत शनिवार-रविवार परवानगी नसते. पहिल्याच दिवशी इमारतीच्या इंजिनिअरकडून तुमच्या फ्लॅटचं पाणी बंद करायची व्हॉल्व्ह कुठे आहे ते पाहून घ्या. जुन्या इमारतींत ती कधी कधी पूर्ण उभ्या रांगेसाठी एकच, आणि तळघरात असते. एचओ-६, म्हणजे फ्लॅटमालकाच्या, विम्यात ‘लॉस असेसमेंट’ची (इमारतीच्या नुकसानीतला तुमचा वाटा) मर्यादा वाढवून घ्या, तिचा हप्ता फार नसतो. काउंटीचा कर गोळा करणाऱ्या ट्रेझररकडे टपालाचा पत्ता बदला, नाहीतर कराचं बिल जुन्या मालकाकडे जातं आणि दंड तुम्हाला बसतो. घरमालकाच्या सवलतीसाठी पुढच्या वर्षी अर्ज करायची तारीख कॅलेंडरात टाका. गाडी असेल तर शहरात राहायला आल्यापासून ३० दिवसांत सिटी स्टिकर (गाडीचा शहरी परवाना) घ्या, आणि गल्लीतल्या खांबावरची परवाना-पार्किंगची पाटी वाचून त्याच वेळी झोनचा क्रमांकही जोडून घ्या.